दुकानांतील कंत्राटी कामें व त्यांची तपासणी

दिवाळी जवळ आली म्हणजे बाजारपेठेंत दोन प्रकारची गर्दी दिसूं लागते. एक गिऱ्हाइकांची, व दुसरी रंगारी, सुतार, वायरमन, वेल्डर व फरशीवाले यांची. जुन्या पाट्या उतरतात, नव्या चढतात. कांचेचीं दारें बसतात. छताला भोकें पडून त्यांतून तारा लोंबतात. आणि या सगळ्या पसाऱ्याखालून आपण व आपलीं मुलें कपड्यालत्त्याच्या खरेदीसाठीं बिनदिक्कत जात-येत असतों. वर परांचीवर उभा असलेला मनुष्य कोणाचा नोकर आहे, त्याच्या पायाखालची फळी कोणीं तपासली, त्याच्या हातांतील हातोडी सुटली तर ती कोणाच्या डोक्यावर पडावयाची, हे प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहींत. आमच्याही येत नसत. परंतु आमच्या विद्यालयांतील कित्येक मुलांचे वडील याच धंद्यांत पोट भरतात, आणि बाकीच्यांचे आईबाप त्याच दुकानांतून खरेदी करितात; म्हणून या विषयाची थोडी माहिती दोघांनाही असावी असें वाटून हा लेख लिहीत आहों.

आधीं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मोठ्या दुकानाचा मालक, विशेषतः जिचीं दुकानें शहरोशहरीं पसरलेलीं आहेत अशी कंपनी, माल विकण्यापुरते नोकर ठेविते. छप्पर गळूं लागलें, वातानुकूलनाचें यंत्र बिघडलें, विजेच्या तारा बदलावयाच्या झाल्या, कीं तें काम कंत्राटदाराकडे जातें. कंत्राटदार त्यांतील पत्र्याचें काम एका पोटकंत्राटदारास देतो, रंगाचें दुसऱ्यास. पोटकंत्राटदार मुकादमास सांगतो. आणि मुकादम नाक्यावर उभीं असलेलीं माणसें रोजावर घेऊन येतो. अशा रीतीनें छपरावर चढणारा मनुष्य व ज्याच्या छपरावर तो चढतो तो मालक यांच्यामध्यें तीन-चार पायऱ्या पडतात. प्रत्येक पायरीवर पैसा थोडा थोडा कमी होतो, आणि काळजी खालच्यानें घ्यावयाची हा समजही एकेक पायरी खालीं सरकत जातो. अखेर ज्याच्या हातीं कांहींच नाहीं त्याच्या गळ्यांत ती काळजी पडते.

कारखान्यांत दुरुस्ती चालली असतां धोका बहुधा कामकऱ्यांपुरताच असतो, कारण तेथें बाहेरच्या लोकांची ये-जा नसते. दुकानाचें तसें नाहीं. दुकान हें लोकांनीं यावें म्हणूनच उघडलेलें असतें, आणि काम चाललें आहे म्हणून तें बंद ठेवणें कोणत्याही मालकास आवडत नाहीं.

आमचा एक जुना विद्यार्थी हल्लीं अशाच दुकानांवरील कामांची तपासणी करण्याच्या नोकरीवर आहे. वर्गांत असतांना अक्षरासाठीं तो नित्य बोलणीं खात असे. आतां त्याची नोंदवही पाहून आम्हांस समाधान वाटलें. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या विनंतीवरून त्यानें आम्हांस एके रात्रीं आपल्याबरोबर नेलें. कापडाचें मोठें दोन मजली दुकान. रात्रीं दहाला विक्री बंद, व साडेदहाला काम सुरू. सकाळीं सहाच्या आंत सगळें झाडून पुसून मोकळें झालें पाहिजे असा करार. दुकानाचें व गांवाचें नांव येथें देत नाहीं. तें देण्याचें कारणही नाहीं.

प्रथम त्यानें कागद मागितले. काम कोणतें, तें कोणत्या पद्धतीनें करावयाचें व त्यांत धोके कोणते याचें टिपण, त्या रात्रीपुरता कामाचा परवाना, माणसांच्या विम्याचा दाखला, विजेचें काम करणाराचा सरकारी परवाना, आणि हजेरीपट. सारे कागद एका सुबक फायलींत शिक्क्यांसह ओळीनें लावलेले होते. आम्हांस वाटलें, आतां तपासावयाचें तें काय राहिलें? तेव्हां तो म्हणाला, “सर, हीच फाईल मीं याच कंत्राटदाराच्या दुसऱ्या कामावर पाहिली आहे. फक्त तारीख बदलली आहे. येथें जिन्याचें काम आहे, तेथें नव्हतें. पण धोके दोन्हीकडे तेच लिहिले आहेत.” मग त्यानें माणसें मोजलीं. हजेरीपटावर सात नांवें होतीं. माणसें नऊ भरलीं. त्या जादा दोघांचा विमा कोठेंच नव्हता. त्यांस त्या रात्रीं कामाला लावूं नये, मात्र रोज द्यावा, असा शेरा त्यानें वहींत लिहिला. मुकादमानें रोज दिला किंवा नाहीं हें आम्हांस कळलें नाहीं.

फाईल मिटून तो शिडीजवळ गेला. शिडी भिंतीस टेकवावयाची ती चार हात उंचीस एक हात पाया बाहेर, या बेतानें. म्हणजे जमिनीशीं सुमारें ७५ अंशांचा कोन होतो. याहून उभी ठेवली तर माणसासकट मागें कलंडते, अधिक तिरपी ठेवली तर तिचा पाया घसरतो. वरचें टोंक उतरण्याच्या जागेच्या वर दोन हात तरी निघालेलें असावें, म्हणजे उतरतांना धरावयास कांहीं राहतें. भूमितीच्या तासाला काटकोन त्रिकोणाचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें.

शिरस्त्राणें सर्वांच्या डोक्यांवर होतीं. त्यानें एक मागून घेतलें व उलटें करून आंतील बाजू पाहिली. कामकऱ्यांच्या शिरस्त्राणासाठीं भारतीय मानकाचा २९२५ हा आंकडा ठरलेला आहे. त्या टोपीवर तो कोठेंच नव्हता. “ही उन्हासाठीं बरी,” एवढेंच बोलून त्यानें ती बाजूस ठेविली.

परांचीवरील रंगाऱ्याच्या अंगावर उंचीवर काम करणारांचा सुरक्षा-पट्टा होता. कामकरी त्यास नुसतें ‘बेल्ट’ म्हणतात. खालून पाहतांना सर्व कांहीं यथास्थित दिसत होतें. पण पट्ट्याचा हूक कोठें अडकविला आहे हें पाहण्यास आमचा विद्यार्थी स्वतः वर चढला. त्या मनुष्यानें तो हूक आपल्याच कमरेच्या कडींत अडकविला होता! म्हणजे तो पडला असता तर पट्टाही त्याच्याबरोबर खालीं आला असता. विचारतां तो शांतपणें म्हणाला, “साहेब, अडकवायला वर जागाच कुठं आहे?” तें खरें होतें. दोर बांधण्यास भिंतींत कडी बसविलेली नव्हती. कंत्राटदारानें पट्टे विकत घेतले होते, मालकानें पट्ट्यांचा हिशेब मागितला होता, आणि कडी कोणाच्याच यादींत नव्हती. आमच्या मतें त्या रात्रीं जें जें पाहिलें त्यांत याहून बोधप्रद दुसरें कांहीं नव्हतें. रंगाऱ्यास दंड करून वहींत ‘दोष दूर केला’ असें लिहिणें सोपें होतें. आमच्या विद्यार्थ्यानें दंड केला नाहीं. कडी बसेपर्यंत परांचीवरील काम थांबविलें.

जुन्या काळीं शाळा तपासावयास ‘दिपोटी’ यावयाचे म्हणजे आदल्या दिवशीं भिंती सारवल्या जात, फळे पुसले जात, व मठ्ठ मुलांस घरीं राहण्याचा सल्ला मिळे, असें आमचे वडील सांगत. कामावरील तपासणीचें तेंच होतें. दंडाच्या भयानें मनुष्य सुधारत नाहीं, तर लपविण्यांत तरबेज होतो. मोटारीचा आवाज आला कीं टोपी डोक्यावर चढते. म्हणून आमचा विद्यार्थी वेळ सांगून जात नाहीं, आणि गेल्यावर पहिली कांहीं मिनिटें नुसता उभा राहून पाहतो.

विजेच्या बाबतींत त्यानें दोनच गोष्टी पाहिल्या. ड्रिल यंत्राच्या तारेस खुंट्यांचा प्लग नव्हता. उघडीं टोकें भिंतीवरच्या सॉकेटांत आगकाड्या खोंचून बसविलीं होतीं. असें दृश्य आपण सर्वांनीं घराघरांत पाहिलें आहे, व त्यांत कांहीं वावगें आहे असें आपणांस वाटेनासें झालें आहे. दुसरें, गळती झालेली वीज आपोआप तोडणारें जें लहान यंत्र फळीवर असतें त्याची चांचणीची कळ त्यानें दाबली. ३० मिलिअँपिअर इतकी अल्प वीज भलत्या वाटेनें वाहूं लागली तरी या यंत्रानें प्रवाह क्षणांत तोडावयाचा असतो. कळ दाबून प्रवाह तुटला, दिवे गेले, व कामकऱ्यांनीं आरडाओरडा केला. तो मात्र संतोषानें हंसला. घरोघरच्या वडिलांनीं ही कळ महिन्यांतून एकदां दाबून पाहावी, अशी त्याची शिफारस आहे.

मग मागचा जिना. आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट तीच, पण दिवाळीच्या मागणीसाठीं आलेल्या खोक्यांनीं ती छातीइतकी भरली होती. भिंतीवर इंग्रजींत सूचना लाविलेली होती. त्यानें एका फरशीवाल्यास हिंदींत विचारलें, “आग लागली तर कोठून पळाल?” त्या मनुष्यानें पुढच्या दाराकडे बोट दाखविलें. पुढचें दार कुलूप लावून बंद होतें, व किल्ली पहारेकऱ्याच्या खिशांत होती.

हा सारा अतिसावधपणा आहे असें कोणास वाटेल. अशा वाचकानें लाटव्हिया देशाची राजधानी रिगा येथें जें घडलें तें ऐकावें. बाल्टिक समुद्राच्या कांठचा हा लहानसा देश. लोकसंख्या सुमारें २० लाख. रिगाच्या झोलितूदे या वस्तींत मॅक्सिमा नांवाचें खाद्यपदार्थांचें मोठें दुकान होतें. तें २०११ सालीं उघडलें, म्हणजे इमारत अगदीं नवी होती. खालीं दुकान चालू असतां छपरावर बाग करण्याचें काम कंत्राटदारानें चालविलें होतें, व त्यासाठीं माती, फरशी वगैरे जड सामान वर चढविलें जात होतें. २१ नोव्हेंबर २०१३ रोजीं सायंकाळीं, लोक कामावरून परततांना भाजी-पाव घेण्यास शिरतात अशा वेळीं, तें छप्पर कोसळलें. ५४ माणसें मेलीं. त्यांत अग्निशामक दलाचे तीन जवान होते. दबलेल्यांस काढण्यास ते आंत गेले असतां छपराचा आणखी एक भाग खालीं आला.

मूळ दोष आराखड्याचा होता. छपराच्या लोखंडी कैच्यांवर किती भार येईल याचा हिशेब चुकला होता, व २०२० सालीं न्यायालयानें आराखडा करणाऱ्या अभियंत्यास त्याबद्दल दोषी ठरविलें. परंतु आमच्या मनांत घर करून राहिलें तें दुसरेंच. छप्पर पडण्यापूर्वीं सव्वा तासाहून अधिक वेळ आधीं त्या इमारतींत धोक्याची घंटा वाजली होती. तळघरांत चाललेल्या वेल्डिंगमुळें ती वाजली असावी असा समज झाला. आग दिसली नाहीं. दुकान रिकामें करण्यांत आलें नाहीं. विक्री चालू राहिली. जेथें रोज काम चालतें तेथें घंटाही रोजचीच होऊन बसते. एवढ्या वेळांत सर्व गिऱ्हाइकें बाहेर निघून घरीं पोहोंचलीं असतीं.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मंदीच्या काळांत खर्च वांचविण्यासाठीं लाटव्हियाच्या सरकारनें २००९ सालीं आपलें बांधकाम-तपासणीचें खातें बंद केलें होतें व तें काम नगरपालिकांकडे सोंपविलें होतें. दुर्घटनेनंतर सहाव्या दिवशीं त्या देशाचे पंतप्रधान दोम्ब्रोव्हस्कीस यांनीं राजीनामा दिला, व २०१४ सालीं बांधकामावर देखरेख करणारें सरकारी खातें पुनः स्थापन झालें.

रिगा येथें काम त्याच इमारतीवर चाललें होतें. पण धोका शेजारूनही येतो. त्याच वर्षीं, ५ जून २०१३ रोजीं, अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं मुक्तिफौजेच्या जुन्या वस्तूंच्या दुकानावर शेजारच्या इमारतीची उंच भिंत पडली. ती इमारत पाडण्याचें कंत्राट मालकाकडून इतरांहून पुष्कळ कमी दर सांगणाऱ्यास मिळालें होतें. अशी इमारत वरून खालीं, एकेक मजला, हातानें उतरवावयाची असते. येथें आंतील तुळया आधींच काढून घेतल्या होत्या, व आधारावांचून राहिलेली भिंत तशीच उभी ठेवून पाडकाम यंत्रानें चालविलें होतें. सात माणसें मृत्यु पावलीं. या धोक्याविषयीं इमारतीचा मालक व मुक्तिफौज यांच्यामध्यें आधीं पत्रव्यवहार झालेला होता, आणि तरीही दुकान उघडें होतें.

कंत्राटदारास १५ ते ३० वर्षांची कैद झाली. परंतु २०१७ सालीं भरपाईच्या दिवाणी खटल्यांत पंचांनीं जबाबदारीची जी वांटणी केली ती लक्षांत घेण्यासारखी आहे: मुक्तिफौजेकडे ७५ टक्के, इमारतीच्या मालकाकडे १८, देखरेखीच्या वास्तुशिल्पज्ञाकडे ५, आणि कंत्राटदार व त्याचा यंत्रचालक यांच्याकडे अवघा एकेक टक्का. भरपाई २२ कोटी ७० लाख डॉलर ठरली. मुक्तिफौज ही ख्रिस्ती सेवेची संस्था. तिच्या कार्याविषयीं आम्हांस आदर आहे, आणि म्हणूनच हा आंकडा लिहितांना लेखणी अडखळते. पण ज्याच्या दारांतून लोक आंत येतात त्यानें शेजारची भिंत पाहिली पाहिजे, असेंच पंचांना वाटलें. नव्या घराच्या धाब्यास कठडा करण्याची आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रांत, अनुवादाच्या २२ व्या अध्यायांत, आहे. त्या आज्ञेंतही दोष येतो तो घरधन्यावर. गवंड्याचें तेथें नांवही नाहीं.

आपल्याकडे कंत्राटी मजुरांसंबंधीं १९७० चा व बांधकाम-मजुरांसंबंधीं १९९६ चा असे केंद्र सरकारचे कायदे होते. ते आतां २०२० च्या संहितेंत विलीन झाले असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली आहे. कंत्राटदारानें मजुरी बुडविली तर मूळ मालकानें ती भरावी हें तत्त्व १९७० पासूनचें आहे. ज्या पालकांना कंत्राटदाराकडे रोजावर जावें लागतें त्यांनीं कामास हात लावण्यापूर्वीं आपलें नांव हजेरीपटावर आहे कीं नाहीं, एवढें तरी विचारून घ्यावें. विचारण्यास संकोच वाटतो हें आम्ही जाणतों; नाक्यावर परत पाठविण्याची भीतिही खोटी नव्हे.

आतां पुनः त्या रात्रीकडे वळूं. जिन्याच्या लोखंडी कठड्याचें वेल्डिंग बाकी होतें, व कठड्याच्या नेमकें खालीं कापडाचे तागे रचलेले होते. वेल्डिंगची ठिणगी किती लांब जाते याची आम्हांस कल्पना नव्हती. अमेरिकेंतील अग्निसंरक्षणाच्या मानकाप्रमाणें भोंवतालचें ३५ फुटांपर्यंतचें सर्व जळण्याजोगें सामान हलवावें, निदान झाकावें. आणि काम संपल्यावरही तेथें एक तास पहारा ठेवावा. पूर्वीं हा पहारा अर्ध्या तासाचा असे. २०१९ च्या आवृत्तींत तो दुप्पट केला, कारण ठिणगी कापसांत किंवा लाकडाच्या फटींत धुमसत राहते व सर्व लोक घरीं गेल्यावर पेटते. २५ मे २०२४ रोजीं राजकोट येथील एका खेळघरांत सुटीचीं मुलें खेळत असतां वेल्डिंगच्या ठिणग्या ज्वालाग्राही सामानावर पडून आग भडकली, व २७ जणांचा अंत झाला. तें दुकान नव्हतें. पण आंत लोक व वर काम, ही रचना तीच होती.

आमच्या विद्यार्थ्यानें वेल्डिंग थांबविलें. त्याबरोबर मुकादम पुढें आला. तो वाईट मनुष्य नव्हता. “साहेब, आजची रात्र फुकट गेली तर पोरांना रोज कुठून देऊं?” असें त्यानें विचारलें. या प्रश्नास आमच्या विद्यार्थ्याजवळ पुरें उत्तर नव्हतें, व आमच्याजवळही नाहीं. त्यानें एवढेंच केलें: काम थांबण्याचें कारण ‘दुकानाचा माल हलविला नाहीं’ असें स्वच्छ अक्षरांत लिहिलें, म्हणजे खोळंब्याचा खर्च मजुरांवर न पडतां दुकानावर पडावा, आणि दुकानाच्या व्यवस्थापकास घरून बोलाविलें. तो रागावून आला, कांहीं वेळ मोठमोठ्यानें बोलला, आणि मग बाह्या सारून स्वतःच तागे उचलूं लागला. आम्हींही हातभार लाविला. जिन्यांतील खोकीं त्याच ओघांत निघालीं. माल हलविण्यास दोन तास लागले.

साडेतीनला वेल्डिंग संपलें. माणसें सामान आवरूं लागलीं. आमचा विद्यार्थी पाण्याची बादली व अग्निशामक नळकांडें जवळ घेऊन जिन्याखालीं स्टुलावर बसला. चार वाजतां त्यानें कठड्याखालच्या लाकडी फळीवर हात ठेवून पाहिला; ती अजून कोमट होती. आम्हांस झोंप आवरेना, व निघण्याची घाई झाली होती. तो म्हणाला, “सर, आपण पुढें व्हा; माझा अजून अर्धा तास आहे.”